कै. आबालाल रहिमान यांचीं वृक्षचित्रें : प्रतिपरंपरेच्या न्यायानें विचार

कोल्हापूरचे चित्रकार कै. आबालाल रहिमान यांच्या वृक्षराजींच्या व जलाशयांच्या चित्रांवर फ्रेंच दृक्प्रत्ययवादाचें ऋण आहे, असें लिहिण्याची वहिवाट पडली आहे. हें विधान कितपत ग्राह्य धरावें, याचा विचार आम्ही येथें पोथ्यांच्या परीक्षणांतील न्यायानें करणार आहों.

आबालालांचें घराणें कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करणाऱ्यांचें; तेव्हां पोथ्यांच्या संग्राहकांस तें परकें नव्हे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकून ते कोल्हापुरास परतले व राजर्षि शाहू छत्रपतींचे दरबारी चित्रकार झाले. कोटितीर्थाचा कांठ, रंकाळा, त्यांतील संध्यामठ आणि पंचगंगेचा परिसर हे त्यांचे आवडीचे विषय. १९२२ सालीं महाराज निवर्तले. त्या दुःखांत आबालालांनीं आपलीं पुष्कळ चित्रें कोटितीर्थांत बुडविलीं, अशी आख्यायिका आहे. १९३१ सालीं ते वारले. मागें राहिलेल्यांपैकीं कांहीं चित्रें कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयांत आहेत.

या चित्रांत झाडाचें पान न् पान रेखलेलें नसतें. रंगाचे लहान ठिपके व फटकारे शेजारीं शेजारीं ठेवलेले असतात. जवळून पाहतां ते विस्कळित वाटतात, चार पावलें मागें सरतांच त्यांचीच दाट पालवी होते. सकाळचें ऊन कोणतें व सायंकाळचें कोणतें, हें सांगावें लागत नाहीं. विष्णुधर्मोत्तर पुराणांतील चित्रसूत्रांत काळ हा लक्षणांनीं ओळखावयाचा असतो. चांदणें दाखवावयाचें तर फुललेलीं कुमुदें काढावीं, असा तेथील विधि आहे. आबालालांनीं लक्षणाचा आधार सोडून प्रकाशच काढला.

पॅरिस येथें १८७४ सालीं मोने, पिसारो प्रभृतींनीं प्रदर्शन भरविलें, त्यांतील चित्रांची रीत याच जातीची होती. परंतु साम्य म्हणजे ऋण नव्हे. दोन पोथ्यांत शुद्ध पाठ सारखा आढळला, एवढ्यावरून एक दुसरीची नक्कल ठरत नाहीं. नात्याची साक्ष समान अशुद्धें देतात. झाडाखालची सावली काळी नसून निळसर दिसते, हा निसर्गाचाच शुद्ध पाठ आहे. तो सीन नदीच्या तीरीं वाचला गेला, तसा रंकाळ्याच्या कांठींही वाचतां येतो.

शिवाय दोन्ही प्रतींस एक पूर्वज असूं शकतो. १८७०-७१ च्या युद्धकाळीं मोने व पिसारो लंडनला जाऊन राहिले. तेथें त्यांनीं टर्नर व कॉन्स्टेबल यांचीं निसर्गचित्रें पाहिलीं. इकडे जे. जे. कलाशाळेंतील प्रमुख शिक्षक इंग्लंडांतून आलेले होते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करविणारे ग्रिफिथ्स १८६५ पासून तेथेंच होते. इंग्रजी चित्रपरंपरेचा संस्कार असा दोहींकडे पोंचला. म्हणून आबालालांचीं चित्रें ही पॅरिसची नक्कल नसून एकाच मुळाची स्वतंत्र शाखा होय, असें आमचें मत आहे.

हा निर्णय पक्का व्हावयाचा तर चित्रांचा कालानुक्रम लागला पाहिजे, आणि त्याचा पुरावा पुष्कळदां चित्राच्या पाठीवरच असतो. हा नियम कोल्हापुरापुरता नाहीं. आमच्या हिंगोली जिल्ह्यांतील जुन्या रुमालांसही तो लागू आहे. रुमालांत रंगविलेला सुटा कागद निघाला, तर तो शोभेसाठीं चौकटींत चिकटवूं नये. पाठीवरील अक्षर, शेजारचे कागद व रुमालांतील क्रम आधीं टिपून ठेवावा. पाण्यांत गेलें तें परत येणार नाहीं. डिंकाखालीं जाणारें अक्षर वांचविणें मात्र आपल्या हातीं आहे.