दुनळी रायफलीचा वेग

जिम कॉर्बेटच्या शिकारकथांमधला ४५०/४०० हा रायफलीचा आकडा आपण बहुधा अलंकार समजून ओलांडतो. आम्हीही तो वर्षानुवर्षे तसाच ओलांडला. मूळच्या ४५० च्या काडतुसाचे तोंड आवळून त्यात नावाने ४०० ची लहान गोळी बसवली, एवढाच त्याचा अर्थ. परंतु अशा आकड्यांमागे दुनळी रायफलीचा जो इतिहास आहे, तो शिकारकथांत क्वचितच येतो.

दुनळीच्या दोन नळ्या समांतर नसतात. तोंडाकडे त्या किंचित जवळ येतात. उजवी नळी उडाली की गोळी नळीतून बाहेर पडण्यापूर्वीच धक्क्याने रायफल वर आणि उजवीकडे वळू लागते. डावी उडाली की डावीकडे. हे वळणे हिशेबात धरूनच नळ्या एकमेकींकडे झुकवलेल्या असतात. मात्र गोळी नळीत किती काळ राहते, हे तिच्या वेगावर ठरते. वेग कमी पडला तर दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एकमेकींपासून दूर जातात. वाढला तर परस्परांना छेदून पलीकडे पडतात. म्हणजे दोन्ही नळ्यांचे एकमत होते ते एका विशिष्ट वेगालाच.

हे एकमत गणिताने साधत नसे. कारागीर रायफल झाडून पाही, तोंडाजवळचा डाख तापवून मऊ करी, नळ्यांमधली पाचर केसभर सरकवी आणि पुन्हा झाडून पाही. शिकाऱ्याच्या अचूक नेमाची वर्णने आपण वाचतो, त्यांत या माणसाचा वाटा किती, हा प्रश्न शिकारकथेच्या अभ्यासकाने विचारायला हवा असे आम्हांला वाटते.

१८९८ मध्ये जॉन रिग्बी यांच्या कंपनीने ४५० नायट्रो एक्स्प्रेस आणली. काळ्या दारूऐवजी कॉर्डाइट, ४८० ग्रेनची गोळी, सेकंदाला सुमारे २१५० फूट वेग. अशा नळ्यांवर ‘कॉर्डाइट ७०–४८० मॅक्स’ असा ठसा आढळतो : दारू ७० ग्रेन, गोळी ४८० ग्रेन, त्याहून अधिक नाही. पण कॉर्डाइट उन्हाने अधिक जोरात पेटते. इंग्लंडच्या थंडीत जुळवलेली रायफल हिंदुस्थानच्या उन्हाळ्यात बिघडू नये, म्हणून उष्ण प्रदेशांसाठी कमी दारूची काडतुसे वेगळी निघाली.

पुढे १९०७ च्या सुमारास सरकारने हिंदुस्थान व सुदानमध्ये ४५० व्यासाच्या दारूगोळ्यावर बंदी घातली. मार्टिनी-हेन्री या लष्करी रायफलीची गोळी त्याच व्यासाची. ती बंडखोरांच्या हाती पडेल ही धास्ती. मग ४६५, ४७०, ४७५ असे आकडे पुढे आले. ४७० ची गोळी ५०० ग्रेनची, वेग पुन्हा २१५० च्याच आसपास. वाघाच्या कथेतला हा आकडा राज्यकर्त्यांना माणसांच्या वाटलेल्या भीतीतून आलेला आहे!

आज कॉर्डाइट वापरात नाही. जुन्या दुनळीसाठी काडतूस भरणारा नवी दारू वापरतो, आणि दोन्ही नळ्या एका जागी गोळी टाकू लागेपर्यंत मोजून मोजून वेग बदलत राहतो.