वारणेच्या दक्षिणेचा मुलूख

राजारामपुरीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी संध्याकाळी चार माणसे जमली की एक विधान हमखास कानी पडते. कोल्हापूर हा मुळातला एकजिनसी मराठी मुलूख. जैन, लिंगायत, मुसलमान, सिंधी, मारवाडी हे सारे मागाहून बाहेरून आलेले. बोलणारी माणसे मनाने वाईट नाहीत. शेजारच्या जैन घरी लग्न असले की हीच मांडवात राबतात. पण विधान चुकीचे आहे. आता ते भाषणांतून आणि फलकांवरूनही येऊ लागले आहे, म्हणून त्याचा समाचार घेणे भाग आहे.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडला तर त्याचे खंडन फोल ठरते. म्हणून तो त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो. ताराराणींनी १७१० साली वेगळी गादी स्थापन केली ती मराठ्यांची. दरबार मराठी, दफ्तर मोडीत. आज जिल्ह्यातल्या बहुसंख्य लोकांची भाषा मराठीच आहे. हे सगळे खरे आहे आणि मला त्यातले काहीच नाकारायचे नाही. प्रश्न एवढाच, की यावरून बाकीचे 'बाहेरचे' कसे ठरतात?

ज्या गादीचा हवाला दिला जातो तिचेच कागद पाहू. १३ एप्रिल १७३१ रोजी सातारचे शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजी महाराज यांच्यात वारणेचा तह झाला. कोल्हापूरच्या वाट्याला आला वारणा-कृष्णेच्या दक्षिणेकडून तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख. नकाशा उघडून ही पट्टी पाहावी. तिचा फार मोठा भाग कानडी बोलणाऱ्यांचा आहे. म्हणजे कोल्हापूरच्या राज्याची दिशाच दक्षिणेची ठरली होती. पुढे प्रत्यक्ष राज्य त्याहून पुष्कळ लहान राहिले. तरी रायबाग आणि कटकोळ हे संस्थानचे पेटे, तोरगल ही त्याची जहागीर. तिन्ही ठिकाणे आज कर्नाटकात आहेत. उलट चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होते, ते आज कोल्हापुरात. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९५६ ला पुन्हा आखणी झाली. माणसे आपापल्या शेतावर होती तिथेच राहिली, रेघा मात्र त्यांच्या डोक्यावरून सरकल्या. मग रायबागचा शेतकरी करवीरकरांना परका कोणत्या सालापासून झाला?

आणखी मागे गेले की पूर्वपक्षाची अडचण वाढते. बाराव्या शतकात इथे शिलाहारांचे राज्य होते. त्यांचे लेख महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी संपादित केले आहेत. त्यांत संस्कृत लेख आहेत तसे कानडीही आहेत. गंडरादित्याच्या १११० सालच्या ताम्रपटात मिरज देशातल्या इरुकुडी इथे त्याने बांधलेल्या तलावाची हकीकत येते. तलावाचे नाव गंडसमुद्र, आणि त्याच्या काठी त्याने तीन देवालये उभारली: शिवाचे, बुद्धाचे आणि जिनाचे. एका राजाने, एका तलावावर. जैन इथे उपरे असते तर बाराव्या शतकातल्या राजाने त्यांच्या देवाला आपल्या तलावाकाठी जागा का दिली असती?

आपल्याकडे 'जैन' म्हटले की पेढीवरचा व्यापारी डोळ्यांपुढे आणला जातो. शिरोळ-हातकणंगल्यातला जैन हा प्रामुख्याने शेतकरी आहे, आणि कित्येक गावांची पाटीलकी त्यांच्या घराण्यांत चालत आली आहे. पाटील हे आडनाव इथे मराठ्यात सापडते, जैनात सापडते, लिंगायतात सापडते आणि मुसलमानातही. मुलाणी तर गावगाड्यातलाच. त्याला बाहेरचा म्हणायचे तर गावगाड्यालाच बाहेरचे म्हणावे लागेल.

इथे उलट्या बाजूचा एक पक्ष उभा राहतो आणि त्यालाही मोकळे सोडता येणार नाही. तो म्हणतो, कोल्हापूर मूळचे कानडीच, मराठी हा वरून चढवलेला मुलामा. शं. बा. जोशींनी मराठी संस्कृतीच्या कानडी मुळांचा जो शोध घेतला त्याचा मला आदर आहे. पण हेच शिलाहार स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवत. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेर. लेखात कानडी, कुळाच्या आठवणीत तेर, आणि कुलदेवता करवीरची महालक्ष्मी! हे घराणे एका खुंटीला टांगता येत नाही. 'आधी कोण' हा प्रश्नच या भूमीला लागू पडत नाही. दोन्ही पक्ष तोच प्रश्न विचारतात, म्हणून दोघेही सारखेच चुकतात.

पोथ्या-ताम्रपटांचा कंटाळा असेल त्यांनी पंचांग घ्यावे. आपल्या जिल्ह्यात बेंदूर दोनदा होतो. ज्येष्ठी पौर्णिमेचा कर्नाटकी बेंदूर आणि आषाढातला महाराष्ट्रीय बेंदूर. गावागणिक रीत वेगळी, पण शिंगे रंगवणारे हात एकाच तऱ्हेचे. मार्गशीर्षात कोल्हापुरातून एसटीच्या गाड्या भरभरून सौंदत्तीच्या डोंगरावर रेणुकेच्या दर्शनाला जातात, आणि परतल्यावर ओढ्यावरच्या रेणुकेपाशी आंबील यात्रा भरते. या माणसांना कोणी सांगावे, की तुमची आई परराज्यातली आहे? घरात आपण अक्का, अण्णा, अप्पा अशा हाका मारतो, सुपारी कातरायला अडकित्ता घेतो. हे शब्द कानडीशी आपले नाते सांगतात आणि मराठी म्हणून ते जराही उणे नाहीत. कुरुंदवाडला तर गणेशोत्सवात मशिदींमध्ये गणपती बसतो. तिथल्या लोकांना त्यात नवल वाटत नाही. नवल बाहेरून बघणाऱ्यांना वाटते.

जे खरोखर मागाहून आले त्यांचे काय? अल्लादियाँ खाँसाहेब राजस्थानातल्या उनियाऱ्याचे. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारी ठेवले, आणि आज कोल्हापूरच्या गाण्याचा इतिहास त्यांना वगळून लिहिता येत नाही. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची गोष्ट याहून हृदय हलवणारी आहे. सोव्हिएत सत्तेने १९४०-४१ मध्ये सैबेरियात आणि कझाकस्तानात हद्दपार केलेल्या पोलिश कुटुंबांपैकी सुमारे पाच हजार जण, बहुतेक बायका आणि मुले, १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत राहिले. ते गेल्यावर त्याच जागी फाळणीत घरदार गमावलेले सिंधी आले, आणि आजचे गांधीनगर उभे राहिले. जिल्ह्यातली लग्नाची खरेदी आज तिथल्या कापडबाजारात होते. माणूस कधी आला, एवढ्यावरून तो आपला की परका हे ठरवायचे, तर या पेठेचे काय करणार?

मुलूख एकाच समाजाचा मानावा लागत नाही, याचा दाखला दूर रशियात आहे. तिथे कॉकेशसच्या उतारावर दागिस्तान नावाचे प्रजासत्ताक आहे. आवार, दार्गिन, कुमिक, लेझगिन, लाक अशा कितीतरी जमाती, प्रत्येकीची भाषा निराळी. रशियातल्या बहुतेक प्रजासत्ताकांना एकेका समाजाचे नाव आहे: तातारस्तान, चुवाशिया. त्यातून आपसूक एक समाज घरधनी आणि बाकीचे पाहुणे असा भाव येतो. दागिस्तानचा अर्थ मात्र नुसता 'डोंगरांचा देश'. नावावर कोणाचीच मालकी नाही. कोल्हापूर आणि करवीर ही नावेही जागेची आहेत, कोणा एका जातीची किंवा भाषेची नव्हेत.

एक आक्षेप राहतो. शाहू महाराजांनी जातवार वसतिगृहे काढली, म्हणजे त्यांनीही भेद मान्य केलाच ना? १९०१ मध्ये मराठ्यांचे आणि जैनांचे, १९०६ मध्ये मुसलमानांचे, १९०७ मध्ये लिंगायतांचे, पुढे आणखी कितीतरी. भेद होता, तो त्यांनी डोळे मिटून नाकारला नाही, हे खरे. पण यादी नीट वाचली तर दिसते, की राज्य कोणकोणत्या लोकांचे बनले आहे याची ती राजाने स्वतः केलेली नोंद आहे. त्यातल्या एकालाही त्यांनी पाहुणा मानले नाही. पाहुण्यासाठी कोणी कायमची इमारत बांधत नाही.

आणि ही चर्चा चालते ती राजारामपुरीत, हे विसरू नये. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत वसलेली ही वसाहत. जुन्या शहरात कुंभार गल्लीसारखी नावे आहेत. इथे गल्ल्यांना नुसते आकडे दिले. आपण सगळेच कुठून तरी येऊन या आकड्यांत राहिलो आहोत. आजोबांच्या गावाचे नाव सांगा, आणि आजी माहेरी कोणती भाषा बोलायची तेही सांगा.

तरीही ज्यांना पटत नसेल त्यांनी एका रविवारी खिद्रापूरला जावे. कोपेश्वराच्या देवळात सिंघण यादवाचा शके ११३६ चा देवनागरीतला संस्कृत लेख आहे, आणि त्याच दगडी भिंतींवर कानडी लेख आहेत. जवळच जैनांचे देऊळ आहे. तिन्ही पाहावे, मग बोलावे.