गंगेचा वकील मामा

त्यागराय चेट्टींच्या नावे वसलेल्या टी. नगरात, म्हणजे ब्राह्मणेतर राजकारणाची स्मृती मिरविणाऱ्या वस्तीत, ब्राह्मण कुटुंबाची ही कथा वाचणे मोठे बोधक वाटते. जयकांतन यांची ‘अग्निप्रवेशम्’ 1966 साली ‘आनंद विकटन’मध्ये आली. श्रीमंत तरुणाच्या मोटारीत फसलेल्या मुलीला आई न्हाऊ घालून शुद्ध ठरविते. वाद आईवरच झाला.

पुढील कादंबरीत (अकादेमी पुरस्कार, 1972) लेखकाने हा शेवटच उलटविला. गंगा घराबाहेर फेकली जाते. तिला आश्रय देऊन शिकवितो तिचा वकील मामा. उपकारकर्ता आणि लोलुप पुरुष येथे एकाच देहात नांदतात. माझ्या मते वाद व्हावयास हवा होता तो याच्यावर. त्या तरुणाला शोधून आणण्याचे आव्हान मामाच देतो. आणि गंगा, छापून आलेल्या कथेचाच माग काढीत, प्रभूला खरोखर शोधून काढते.