जास्तीची माणसं

आमच्या अभ्यासवर्गात मागच्या महिन्यात एक ठराव आला. बाहेरून येणारे लोंढे थांबवा, आधी इथल्या बेकारांना काम द्या, देशाची साधनं मोजकी आहेत आणि खाणारी तोंडं फार झाली, असा. ठराव आणणारा माझा जिवाभावाचा दोस्त. दोन वर्षं झाली, त्याला बदलीवरसुद्धा काम नाही. म्हणजे तो पुस्तकातून बोलला नाही, पोटातून बोलला. मी त्याला हसणार नाही. मी स्वतः सूतगिरणीत रिंगखात्यात उभा असतो. ठेकेदारानं ओडिशातून आणलेली पोरं बाजूच्या मशीनवर माझ्यापेक्षा कमी रोजात राबतात ते रोज बघतो. राग येतो. तो कुणाचा यावा, एवढाच प्रश्न आहे.

त्याच बैठकीत दुसरा एकजण उठला आणि म्हणाला, "सिलोनकडं बघा. बौद्ध देश. त्यांनी बाहेरच्यांना वेळीच आवरलं." दोन-चार टाळ्या पडल्या. मला उत्तर देता आलं नाही, कारण मला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मग सुट्टीचे दिवस वाचनालयात घालवले. जे हाती लागलं ते मांडतो.

सिलोनमध्ये, म्हणजे 1972 पासूनच्या श्रीलंकेत, हे 'बाहेरचे' होते कोण? मद्रास इलाख्यातून चहाच्या मळ्यात नेलेले तमिळ मजूर. आणि त्यातले बहुसंख्य पळ्ळर, परैयर, चक्किलियर. म्हणजे आपलीच माणसं, दोस्तांनो. गावकुसाबाहेरची. दुष्काळ, सावकार आणि जमीनदार यांच्या तावडीतून सुटायला निघालेली.

त्यांना नेलं कंगाणीनं. कंगाणी म्हणजे आपला मुकादम. ऊसतोडीला जसा मुकादम उचल देऊन कोयते बांधून घेतो, तसाच तो उचल देऊन टोळी बांधायचा. पूर्वीच्या मुंबईच्या गिरण्यांतला जॉबर हाही त्याचाच भाऊबंद. टोळीवर किती कर्ज आहे त्याची चिठ्ठी असायची, तिला 'तुंडू' म्हणत. मळा बदलायचा तर नव्या मालकानं तुंडूवरचा आकडा फेडायचा. माणूस विकला असं कुणी म्हणत नव्हतं, पण कागद विकला की त्याच्या मागोमाग माणूस जायचा. ही तुंडूची पद्धत कायद्यानं बंद व्हायला 1921 साल उजाडलं. समुद्र ओलांडून आलेली टोळी उत्तरेच्या जंगलातून मातलेमार्गे कँडीच्या डोंगरात पायी जायची. पटकी आणि हिवतापानं त्या वाटेवर किती मेले त्याची नीट मोजदाद कुणी ठेवली नाही. ज्यांच्या संख्येवरून पुढं एवढा गोंधळ झाला त्यांची मढी मात्र बिनमोजली राहिली.

सुरुवातीला पीक होतं कॉफीचं. ते हंगामी, म्हणून माणसं यायची आणि परत जायची. 1867 साली जेम्स टेलरनं लूलकंदुऱ्याला चहाचा मळा लावला. 1869 पासून कॉफीवर तांबेरा पडायला लागला आणि कॉफी बसली. सगळे डोंगर चहाचे झाले. चहा बारमाही खुडावा लागतो. खुडायला बायका लागतात, म्हणजे कुटुंब लागतं. मग लांबच लांब चाळीत दहा बाय बाराच्या खोल्या. त्यांना 'लाइन' म्हणत. तिथंच पोरं जन्मली, तिथंच म्हातारी मेली. आपण होऊन कुणी घुसलं नव्हतं. मालकाच्या पिकाला मुक्कामी माणूस हवा होता म्हणून ती मुक्कामी झाली.

आता जमिनीचं. कँडीच्या डोंगरातला सिंहली शेतकरी भूमिहीन झाला होता, हे खोटं नाही. त्याचं दुःख खरं होतं. पण त्याची जमीन कुणी घेतली? 1840 साली इंग्रजांनी कायदा केला की ज्या रानाचा, पडीचा मालकीचा कागद नाही ते सरकारचं. गावाची फिरती शेती, गुरांचं रान, सगळं त्यात गेलं. मग तीच जमीन गोऱ्या मळेवाल्यांना सुरुवातीला पाच शिलिंग एकरानं विकली. विकत घेणाऱ्यांत सरकारी अधिकारीसुद्धा होते. आपल्याकडं गायरानावर काय चालतं ते बघितलेल्याला हे जास्त समजवावं लागत नाही. सिंहली शेतकरी खालच्या गावातून वर बघायचा तेव्हा त्याला मळ्याचा मालक दिसत नव्हता. तो लंडनला असायचा. दिसायची पाठीला टोपली बांधलेली काळी बाई. रागाला दिसणारं माणूस लागतं.

1930 च्या मंदीत काम गेलं आणि 'बाहेरचे किती असावेत' हा वाद पेटला. कोलंबोचा मोठा कामगार पुढारी ए. ई. गुणसिंघे, ज्यानं त्या देशात संप उभे केले, तोच मल्याळी कामगारांविरुद्ध बोलायला लागला. हे वाचून मी वाचनालयात थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो. सरकारनं सर एडवर्ड जॅक्सन यांचा आयोग नेमला. 1938 च्या अहवालात बाहेरच्या मजुरांमुळं स्थानिकांची कामं गेली असं काही निघालं नाही. अहवाल फडताळात गेला. 1939 साली सरकारी खात्यांतून रोजंदारीवरच्या भारतीयांना काढायला सुरुवात झाली. भारत सरकारनंही 1 ऑगस्ट 1939 पासून अकुशल मजुरांना सिलोनला जायला बंदी केली. म्हणजे दार बंद झालं. हे साल लक्षात ठेवा.

1946 च्या शिरगणतीत सिलोनची लोकसंख्या सुमारे साडेसहासष्ट लाख. त्यात भारतीय तमिळ सुमारे 7 लाख 80 हजार. त्याच सुमाराला डीडीटीची फवारणी मोठ्या प्रमाणावर सुरू झाली आणि मलेरिया हटला. 1946 साली हजारी 20 च्या आसपास असलेला मृत्युदर एका वर्षात 14 च्या आसपास आला. दवाखाने वाढले, रेशनचा तांदूळ मिळत होता. 1963 पर्यंत लोकसंख्या एक कोटीच्या वर गेली. म्हणजे ती फुगली ती दार बंद झाल्यावर. लोंढ्यानं नाही, पोरं जगायला लागली म्हणून. पोरं जगली हा गुन्हा असेल तर तो सगळ्यांच्याच घरात झाला. पण जास्तीचे ठरले फक्त लाइनीतले.

आणि साधनांचं म्हणाल तर सिलोन आपल्या गरजेचा पुष्कळसा तांदूळ बाहेरून आणत होतं. तो आणायला परकी चलन कुठून यायचं? चहा, रबर, नारळ. त्यातही निम्म्याहून जास्त एकट्या चहाचं. देशाच्या ताटातला भात जिच्या बोटांनी खुडलेल्या पानावर विकत घेतला जात होता, तिलाच म्हणायचं की तू आमचा भात खातेस!

4 फेब्रुवारी 1948 ला सिलोन स्वतंत्र झालं. त्याच वर्षी डी. एस. सेनानायके सरकारनं नागरिकत्वाचा कायदा केला. नुसतं तिथं जन्मून चालणार नाही. बाप तिथं जन्मलेला पाहिजे, नाहीतर आजा आणि पणजा. लाइनीत जन्मलेल्या बापाचा जन्मदाखला कुणी जपून ठेवला असेल? जात पडताळणीला 1950 च्या आधीचा कागद मागतात तेव्हा आपल्या म्हाताऱ्यांचा चेहरा कसा होतो, तो आठवा. 1949 साली आणखी दोन कायदे झाले. एकानं अर्ज करून नागरिक व्हायची बारीक फट ठेवली, दुसऱ्यानं मतदानाचा हक्क काढून घेतला. कारण लपलेलं नव्हतं. 1947 च्या निवडणुकीत मळ्यांतून सिलोन इंडियन काँग्रेसचे 7 जण निवडून आले होते, आणि दुसऱ्या बऱ्याच जागी मळ्यातली मतं डाव्यांकडं गेली होती. 1952 च्या निवडणुकीत मळ्यांचा एकही प्रतिनिधी उरला नाही. गंमत अशी की मतदारसंघ पाडताना मात्र या माणसांना लोकसंख्येत धरत राहिले. त्यामुळं डोंगरातल्या जागा वाढल्या आणि मतं टाकली दुसऱ्यांनी. मोजायला माणूस, मताला परका.

सुमारे सव्वाआठ लाख माणसांसाठी अर्ज भरले गेले. 1964 पर्यंत नागरिकत्व मिळालं सुमारे 1 लाख 34 हजारांना.

बाजूनं कोण उभं राहिलं? एन. एम. परेरा, कोल्विन डिसिल्वा हे डावे सभागृहात विरोधात बोलले. जाफन्याच्या तमिळ पुढाऱ्यांपैकी जी. जी. पोन्नंबलम 1949 च्या कायद्याच्या वेळी मंत्रिमंडळात बसलेले होते. चेल्वनायकम त्यांच्यापासून फुटले आणि वेगळा पक्ष काढला. पण जाफन्याच्या वेळ्ळाळ घरांना मळ्यातला तमिळ कधी आपला वाटला नाही. भाषा एक, पाणवठा वेगळा.

मग 30 ऑक्टोबर 1964 चा करार. लालबहादूर शास्त्री आणि सिरिमाओ बंदरनायके. माणसं 9 लाख 75 हजार. 5 लाख 25 हजार भारताची, 3 लाख सिलोनची, उरलेले दीड लाख मागाहून बघू. मागाहून म्हणजे 1974 साली इंदिरा गांधींनी आणि सिरिमाओंनी ते निम्मे निम्मे वाटून घेतले. करारात शब्द होते 'नैसर्गिक वाढीसह'. गाय विकताना पोटातलं वासरू जसं तिच्याबरोबर जातं, तसं. मळ्यातल्या एकाही बाईला कुणी विचारलं नाही की बाई, तुला कुठं राहायचंय? अर्ज मागवले तेव्हा काय झालं ते बघा. भारताकडं ठरलेल्या आकड्यापेक्षा कमी आले, सिलोनकडं दुपटीहून जास्त.

त्याच 1964 च्या 6 डिसेंबरला दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली आपला भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला. लाखावर माणसं तुरुंगात गेली. त्यांनी पडीक जमीन मागितली. अमक्याला हाकला म्हणजे आम्हाला मिळेल, असं मागितलं नाही. माझ्या दोस्तानं हे दोन हिशेब शेजारी ठेवून बघावेत.

तलैमन्नारहून रामेश्वरमला बोटी 1984 पर्यंत येत राहिल्या. मुलाबाळांसह साडेचार लाखांच्या आसपास माणसं अशी 'परत' आली, जो देश त्यांतल्या पुष्कळांनी कधी बघितला नव्हता तिथं. काहींना निलगिरीत सरकारी चहाच्या मळ्यांवर काम मिळालं. म्हणजे पुन्हा टोपली. गावात परतले त्यांना गावानं तीच जुनी जागा दाखवली, कुसाबाहेरची. आणि तिकडच्या सिंहली भूमिहीनाला यातून किती जमीन मिळाली? 1970 नंतर सरकारनं मळेच ताब्यात घेतले, पण 1973-74 च्या टंचाईत मळ्यांवर माणसं उपाशी मेली.

आता टाळ्या पडल्या त्या वाक्याकडं येतो. 1950 च्या मे महिन्यात बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी सिलोनला गेले. मत काढून घेतल्याला तेव्हा जेमतेम वर्ष होत होतं. चरित्रकार धनंजय कीर लिहितात की कोलंबोच्या सभेत बाबासाहेबांनी तिथल्या अस्पृश्यांना धम्माकडं बोलावलं, आणि तिथल्या बौद्धांना सांगितलं की या लोकांना जवळ करा, बापाच्या मायेनं सांभाळा. बाबासाहेबांनी सिलोनकडं बघितलं ते असं. बौद्ध देशानं बाहेरच्यांना आवरलं म्हणून टाळी वाजवणाऱ्यानं कुणाकडं बघून वाजवली, ते त्याचं त्यानं ठरवावं. धम्म भिक्खूच्या चिवरात असतो तसा सरकारच्या राजपत्रात आपोआप येत नाही.

तिथं उरलेल्या शेवटच्या राज्यहीन माणसांना नागरिकत्व देणारा कायदा 2003 साली झाला. कायद्यानं दार लावल्याला पंचावन्न वर्षं झाली होती. 1983 च्या दंगलीनंतर मळ्यातल्या वंशाची जी माणसं तामिळनाडूत पळून आली ती छावण्यांत राहिली. त्यातल्या कित्येकांना अजून कुठलंच नागरिकत्व नाही. आपल्या 2019 च्या नागरिकत्व कायद्यात तीन शेजारी देश आहेत, श्रीलंका नाही.

ठराव येत्या रविवारी पुन्हा येणार आहे. मी दुरुस्ती लिहून ठेवली आहे : ठेकेदाराकडच्या प्रत्येक कामगाराला, तो ओडिशाचा असो की आपल्या वस्तीतला, कायम कामगाराएवढाच रोज, आणि उचल रोजातून कापायला बंदी. ओडिशाच्या दोघा पोरांना बैठकीला यायला सांगितलंय. त्यांची रातपाळी सात वाजता सुटते, म्हणून बैठक आठला ठेवू.