फड पद्धती

फड पद्धती : बंधाऱ्याने वळवलेले नदीचे पाणी लाभधारकांनी सामूहिक नियमांनुसार वाटून घेण्याची खानदेश व नाशिक भागातील पारंपरिक सिंचनव्यवस्था. तापी खोऱ्यातील पांझरा, मोसम, आरम इ. नद्यांवर ती काही शतकांपूर्वी रूढ झाली. पाटाखालच्या क्षेत्राचे फड म्हणजे विभाग पाडतात (पहा : जलसिंचन), एका फडात हंगामाला साधारणतः एकच पीक घेतात. शेतकऱ्याची जमीन बहुधा एकाहून अधिक फडांत असते. त्यामुळे टंचाईत एखादा फड कोरडा ठेवला, तरी तूट सर्वांत विभागली जाते. हा या व्यवस्थेचा गाभा होय. पाणी पाटकरी देतो, पिकांची राखण जागले करतात. त्यांचा मोबदला लाभधारक देतात. नदीवर बंधारे एकाखाली एक असल्याने वरच्या गावाच्या वापराचा परिणाम खालच्या गावांवर होतो. सहभागी सिंचनाच्या अभ्यासात ही पद्धती महत्त्वाची मानली जाते (पहा : पाणी वापर संस्था).