व्हॅन आधी नगरधनला न्या

नागपूरहून व्हॅन करून सुमारे ५० किलोमीटरवरील रामटेकला जाणारे गट गडमंदिर पाहतात, खिंडसीला नौकाविहार करतात आणि परततात. नगरधन राहूनच जाते! थोडी वाट वाकडी करून आधी तेथे जावे. आज दिसणारा किल्ला भोसलेकालीन. पण हेच वाकाटकांचे नंदिवर्धन. चंद्रगुप्त द्वितीयाची कन्या प्रभावतीगुप्ता अल्पवयीन पुत्र दिवाकरसेनाच्या वतीने येथून राज्यकारभार पाहत होती. येथूनच दिलेल्या, ‘पुणे ताम्रपट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दानपत्रात तिने वंशावळ दिली ती सासरची नव्हे, माहेरच्या गुप्तांची. अलीकडच्या उत्खननात तिच्या नावाची मृण्मुद्राही येथे सापडली. मग रामटेक, गड चढताना केवल नरसिंह मंदिरातील वाकाटककालीन शिलालेख चुकवू नये. मनसरचे अवशेष शेवटी, ते परतीच्या महामार्गालगतच आहेत.