मार्की-मांगलीच्या खाणी आणि गावाचा 'होकार'

झरी जामणी तालुक्यातल्या कोळशावर लिहायला बसलात की एक वाक्य हाताखालून आपोआप निघतं : 'बंद पडलेल्या खाणी पुन्हा सुरू करण्यास स्थानिकांचा पाठिंबा होता.' हे वाक्य खोटं असेलच असं नाही. पण ते कोणत्या कागदावर उभं आहे, हे आधी बघा.

थोडी मागची गोष्ट. वर्धा खोऱ्यातल्या कोळशावर भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ह्यूजचा ग्रंथ 1877 मध्ये आला. त्या वेळी यवतमाळ जिल्ह्याला वणी जिल्हा म्हणत. पलीकडे वरोऱ्याला सरकारी खाण 1870 च्या दशकात सुरू झाली, तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे आली, आणि 1906 मध्ये ती खाण बंद झाली. उघडताना गावाला विचारलं नाही, बंद करतानाही नाही. त्यामुळे त्या काळासाठी 'पाठिंबा' हा शब्द वापरायची सोयच नाही. प्रश्न आपल्या काळाचा आहे, कारण आता विचारायची पद्धत कायद्यात आहे.

मार्की-मांगली हे एका खाणीचं नाव नाही. एक, दोन, तीन, चार असे क्रमांक लावलेले कोळसापट्टे आहेत. 24 सप्टेंबर 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या 204 पट्ट्यांचं वाटप रद्द केलं. चालू खाणींना 31 मार्च 2015 पर्यंत मुदत मिळाली, सोबत टनामागे 295 रुपयांची वसुली. मग लिलाव. 2015 मध्ये मार्की-मांगली एक टॉपवर्थ ऊर्जा कंपनीकडे गेला, तीन बी. एस. इस्पातकडे. दोनचा लिलाव 2020 च्या व्यावसायिक फेरीत झाला. तो याझदानी इंटरनॅशनलने महसुलातला 30.75 टक्के वाटा देऊ करून घेतला.

आता खरी गंमत इथे आहे. 2015 च्या कोळसा खाणी (विशेष तरतुदी) कायद्यानुसार लिलाव जिंकणाऱ्याला 'वेस्टिंग ऑर्डर' मिळते. तिच्यातून आधीच्या मालकाचे जमिनीवरचे हक्क, इमारती, रस्ते, परवाने आणि मंजुऱ्या नव्याकडे जाऊ शकतात. पर्यावरण मंजुरी ज्या जनसुनावणीच्या आधारावर दिली गेली, ती तर जुन्या कंपनीच्या नावाने झालेली! म्हणजे दहा वर्षांपूर्वी कुणी मंडपात उभं राहून काही बोललं असेल, तर ते बोलणं खाणीच्या सामानासोबत हस्तांतरित होतं. मधल्या काळात खाण बंद पडली, माणसं बदलली, काहींनी जमीन विकली. कागद मात्र तोच.

आणि जनसुनावणी म्हणजे मतदान नव्हे, हेही लक्षात घ्या. 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळ ती घेतं, किमान 30 दिवसांची नोटीस लागते, आणि अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी बसतो. पण कोरम नाही. वीस माणसं आली तरी सुनावणी 'झाली'. इतिवृत्तात मतं नोंदवली जातात, बेरीज करून निकाल काढला जात नाही. तरी आपण संशोधक मंडळी त्यातून 'पाठिंबा' काढतो. मला हे धोक्याचं वाटतं.

दुसरा पेच 'स्थानिक' या शब्दाचा. या तालुक्यात कोलाम, गोंड, परधान वस्त्या आहेत. ज्याच्या नावावर सातबारा आहे तो मोबदला आणि नोकरी यावर घासाघीस करू शकतो. त्याचा 'हो' हा अटींसह असतो, आणि तो रास्तही आहे. ट्रक चालवणाऱ्याचा, चहाची टपरी लावणाऱ्याचा 'हो' वेगळा. ज्या भूमिहीन घराचं पोट मजुरी आणि जंगलातल्या गोळा केलेल्या वस्तूंवर आहे, त्याचा तर कागदच नाही. तालुक्यातली काही गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत, पण पेसा कायद्यात खाणपट्टा देण्याआधी ग्रामसभेच्या शिफारशीची अट गौण खनिजांना आहे. रेती-मुरमाला लागते, कोळशाला नाही. कोळशाच्या बाबतीत भूसंपादनापूर्वी सल्लामसलत, इतकंच त्या कायद्याने दिलं.

पैशाचं अंगही तपासा, ते सहसा सुटतं. जिल्हा खनिज प्रतिष्ठानसाठी 12 जानेवारी 2015 पूर्वीच्या खाणपट्टाधारकाने स्वामित्वधनाच्या 30 टक्के रक्कम द्यायची, त्यानंतरच्या पट्ट्याने 10 टक्के. (नव्या धारकाने लिलावात आधीच जास्त मोजलं, हा त्यामागचा युक्तिवाद.) लिलावाची रक्कम राज्याच्या तिजोरीत जाते, प्रतिष्ठानची जिल्ह्यात राहते. म्हणजे पुन्हा उघडलेल्या खाणीतून बाधित गावांसाठी ठेवलेला हिस्सा दराने कमी. जुन्या सुनावणीत 'हो' म्हणणाऱ्याला हे ठाऊक असणं शक्यच नव्हतं, कारण तो कायदाच तेव्हा नव्हता.

मग काम कसं करायचं? एकेका पट्ट्यासाठी चार कागद शेजारी ठेवा : जनसुनावणीचं इतिवृत्त आणि त्याला जोडलेली हजेरी व लेखी निवेदनं, ग्रामसभेचे ठराव, वेस्टिंग ऑर्डर, आणि मंजुरी हस्तांतरणाचं पत्र. प्रत्येकावरची तारीख आणि कंपनीचं नाव आधी लिहून काढा. हजेरीतली आडनावं सातबाऱ्याशी ताडून बघा. किती सह्या आहेत, किती अंगठे, बायका किती. मग गावात जा, आणि 'पाठिंबा होता का?' असं विचारू नका. 'तेव्हा तुम्हाला नेमकं काय विचारलं होतं?' असं विचारा.